पान वाढायचे नियम

"यंदा लिहा, पण कृपा करून प्रवासवर्णन नको, चार आधीच आली आहेत," असं संपादिकाबाईंनी फोनवर बजावलं. मग म्हटलं, ज्यावर इतकी वर्षं पोट भरलं त्याबद्दलच लिहावं. मी १९९९ साली पुण्याहून रेडिंगला आलो आणि तेव्हापासून वेबसाइटी बांधायचं काम करतो. आमच्या घरात याचं वर्णन "बाबा कॉम्प्युटरमध्ये आहेत" एवढ्यावर संपतं. विषय रुक्ष वाटेल, पण थोडा धीर धरा. इंटरनेटवरचं पान कसं दिसावं हे ठरवणारे नियम आणि ते पाळायला ब्राउझरवाल्यांनी लावलेला उशीर, असा हा इतिहास आहे. त्या उशिराचा चटका इंग्रजीला बसला त्याच्या कितीतरी पट आपल्या मराठीला बसला.

आधी नियम म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे पान वाढायची एक रीत आहे. वर मधोमध मीठ, डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद आणि तिच्यावर वरण. पदार्थ एकच, पण वाढपी अनोळखी असला आणि त्याने बासुंदी लोणच्याशेजारी ओतली तर जेवणाचं काय होईल? वेबच्या पानाचंही तसंच आहे. मजकूर हा स्वयंपाक आणि तो कुठे, किती, कोणत्या रंगात वाढायचा हे सांगणारी यादी म्हणजे स्टाइलशीट. ब्राउझर हा वाढपी. यादी कितीही चांगली लिहिली तरी वाढप्याने ती वाचलीच नाही, किंवा अर्धीच वाचली, तर काही उपयोग नाही.

वेबचा जनक टिम बर्नर्स-ली हा जन्माने लंडनकर. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत असताना त्याने मार्च १९८९ मध्ये कल्पना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला. पान कसं दिसावं हे त्याने मुद्दामच मोकळं सोडलं होतं. ज्याचा संगणक त्याची आवड, असा साधा विचार. शास्त्रज्ञांना तेवढं पुरेसं होतं. पण १९९४-९५ मध्ये वेब बाजारात आलं आणि प्रत्येकाला आपलं पान नटवायची हौस आली. नेटस्केपने मजकुरातच रंग आणि अक्षराचा आकार घुसवायची सोय केली. म्हणजे भाताच्या प्रत्येक शितावर "मला इथे वाढा" असं लिहिण्यासारखंच झालं.

यावर उपाय म्हणून सर्नमध्येच काम करणाऱ्या होकोन विउम ली या नॉर्वेच्या तरुणाने १० ऑक्टोबर १९९४ रोजी एक प्रस्ताव लिहिला: कॅस्केडिंग स्टाइलशीट. आता सगळे सीएसएस म्हणतात. मूळ प्रस्तावातली एक गंमत मला फार आवडते. शीर्षक किती मोठं असावं यात लेखकाचं मत इतके टक्के आणि वाचकाचं मत इतके टक्के, अशी चक्क वाटणी सुचवली होती! टक्के पुढे गेले, पण वाचकालाही हक्क आहे हे तत्त्व राहिलं. नेदरलँड्सच्या बर्ट बॉसने साथ दिली आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी पहिली नियमावली अधिकृत झाली.

कागदावर, म्हणजे. इंटरनेट एक्सप्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीने ऑगस्ट १९९६ मध्येच यातले काही नियम उचलले होते. नेटस्केपने १९९७ मध्ये स्वतःची वेगळीच पद्धत पुढे केली आणि सीएसएस नाइलाजाने, अर्धंमुर्धं घेतलं. त्या काळी प्रत्येक साइटच्या तळाशी "हे पान अमुक ब्राउझरमध्येच चांगलं दिसेल" अशी पाटी असायची, आठवतं का? मी इथे आलो त्या वर्षी आम्ही प्रत्येक पान दोनदा बांधायचो, एकदा याच्यासाठी आणि एकदा त्याच्यासाठी. गिऱ्हाइकाला बिल मात्र एकाच पानाचं वाटायचं.

भांडणं किती बारीक असत याचं एक उदाहरण देतो. भिंतीवरच्या फोटोची रुंदी विचारली तर तुम्ही फक्त फोटो मोजाल की चौकटीसकट मोजाल? नियम म्हणत होता, फक्त आतला फोटो. म्हणजे मजकूर ३००, दोन्ही बाजूंची मोकळी जागा २०-२० आणि कड ५-५, तर एकूण पेटी ३५०. विंडोजवरच्या एक्सप्लोररची पाचवी आवृत्ती मात्र सगळं मिळून ३०० धरायची. पन्नास ठिपक्यांच्या या फरकाने अख्खं पान कोसळायचं, शेजारचा रकाना खाली जाऊन पडायचा. यावर एक जुगाड निघाला. बोलणाऱ्या यंत्राचा आवाज ठरवण्यासाठी असलेल्या एका नियमात मुद्दाम अवघड चिन्हं घालायची. जुना ब्राउझर तिथे अडखळे आणि पुढची खरी रुंदी वाचतच नसे. हा जुगाड काढणारा टँटेक चेलिक स्वतः मायक्रोसॉफ्टमध्येच होता. मॅकसाठीचा एक्सप्लोरर ५ त्याच्याच गटाचा. मार्च २००० मध्ये आलेला हा ब्राउझर पहिली नियमावली जवळपास पूर्ण पाळणारा पहिलाच. नियम होऊन तोवर सव्वातीन वर्षं लोटली होती. (आणि हसू नका, आज आमच्या धंद्यातले बहुतेक लोक पानाच्या सुरुवातीला एक ओळ लिहून "चौकटीसकट मोज" असंच सांगतात. जुनी मोजणी इतकी काही वाईट नव्हती. तक्रार होती ती प्रत्येकाने आपली पट्टी वापरण्याची.)

मग ऑगस्ट २००१ मध्ये एक्सप्लोरर ६ आला. नेटस्केप हरलं होतं, नव्वद टक्क्यांहून जास्त लोक एक्सप्लोरर वापरत होते आणि पुढची आवृत्ती यायला ऑक्टोबर २००६ उजाडलं. पाच वर्षं! या काळात दबाव आणला तो वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट या १९९८ मध्ये स्थापन झालेल्या कामकऱ्यांच्या गटाने. त्यांनी एप्रिल २००५ मध्ये 'ॲसिड २' नावाची परीक्षा काढली. सगळे नियम पाळले तर पडद्यावर एक पिवळा हसरा चेहरा उमटायचा आणि एक नियम चुकला तरी त्या चेहऱ्याचा चेंदामेंदा. ती रचणाऱ्यांत होकोन विउम ली होता आणि इथल्या बाथ विद्यापीठात शिकलेला इयन हिक्सन. चेहऱ्याच्या चिंध्या झालेलं चित्र वरिष्ठांना दाखवता यायचं, हा त्या परीक्षेचा खरा फायदा. नुसत्या नियमावलीने कुणाचे डोळे उघडत नाहीत. त्याच महिन्यात ॲपलच्या सफारीच्या चाचणी आवृत्तीने ती सोडवली. मायक्रोसॉफ्टची पास झालेली आवृत्ती लोकांच्या हाती पडली मार्च २००९ मध्ये.

ब्रिटिश सरकारचा या प्रकरणातला वाटा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जानेवारी २०१० मध्ये सुरक्षेच्या कारणावरून जर्मन आणि फ्रेंच सरकारी यंत्रणांनी लोकांना एक्सप्लोरर टाळा असं सांगितलं. इथे सहा हजारांवर लोकांनी सह्या करून मागणी केली की निदान सरकारी खात्यांनी तरी एक्सप्लोरर ६ सोडावा. जुलैअखेर उत्तर आलं: सगळ्या प्रणाली पुन्हा तपासणं करदात्यांना महाग पडेल, तेव्हा जुनाच ठेवून बाकीची सुरक्षा वापरणं बऱ्याच ठिकाणी परवडतं. अस्सल इंग्रजी उत्तर, जुन्या बॉयलरबद्दल घरमालक देतो तसं! पण याच सरकारने दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, सगळ्या खात्यांसाठी एकच साइट काढली आणि ती इतकी स्वच्छ बांधली की जगभरच्या सरकारांनी कित्ता गिरवला. तिथलं अक्षर ओळखीचं वाटतं ना? मार्गारेट कॅल्व्हर्ट आणि जॉक किनीअर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस मोटरवेच्या पाट्यांसाठी जे अक्षर बनवलं, त्याचंच ते नवं रूप. तुमच्या संगणकात ते अक्षर नसतं. पानाबरोबर ते पाठवलं जातं आणि ब्राउझर ते वापरतो. अक्षर पानाबरोबर पाठवायची ही सोय लक्षात ठेवा, कारण आपली गोष्ट तिथूनच सुरू होते.

इंग्रजीवाल्यांच्या दृष्टीने ही सोय म्हणजे हौस होती, पण आपलं घोडं तिच्यावाचून अडलं होतं. १९९० च्या दशकात मराठी साइट म्हणजे काय असायचं? इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी अक्षरांची चित्रं बसवलेला एक फाँट. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी चिन्हांचाच, फक्त वर मराठी मुखवटा. तो फाँट तुमच्याकडे असेल तर मराठी दिसे, नसेल तर चिन्हांचा भाजीपाला. प्रत्येक दैनिकाचा फाँट वेगळा. सकाळी उठून गावाकडची बातमी वाचायची तर आधी तीन फाँट उतरवून घ्या. घरी हे जमायचं, ऑफिसात परवानगी नसायची आणि इथल्या सार्वजनिक लायब्ररीच्या संगणकावर तर विसराच.

फाँट पानाबरोबर पाठवायची युक्ती १९९७ पासून होती, पण एक्सप्लोररची वेगळी आणि नेटस्केपची वेगळी. मे १९९८ च्या दुसऱ्या नियमावलीत त्यासाठी एक समान नियमही आला. ब्राउझरांनी तो नीट अमलात आणलाच नाही, म्हणून पुढच्या दुरुस्त आवृत्तीतून तो चक्क काढून टाकला. आपल्या बऱ्याच वृत्तपत्रांनी एक्सप्लोररची पद्धत धरली, कारण गिऱ्हाईक तिथे होतं. म्हणजे मॅकवाला किंवा लिनक्सवाला मराठी माणूस उपाशीच. आणि मुखवट्याखाली इंग्रजी चिन्हंच असल्यामुळे 'सातारा' शोधलं तर साताऱ्याची एकही बातमी सापडायची नाही.

युनिकोडने खरी मराठी अक्षरं संगणकाला शिकवली. देवनागरी त्यात १९९१ पासून होती, पण अक्षराचा क्रमांक असणं वेगळं आणि ते नीट जोडून दाखवणं वेगळं. 'कि' लिहिताना आधी क येतो, मग वेलांटी, पण दाखवताना वेलांटी उडी मारून पुढे गेली पाहिजे. 'ल' आणि 'ल' जोडून 'किल्ला' झाला पाहिजे. विंडोज २००० पासून ही सोय आली, सोबत 'मंगल' हा फाँट. तो काढला मुंबईच्या र. कृ. जोशींनी, कवी आणि अक्षरांचे मोठे जाणकार. आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं ज्यांचं अक्षर वाचलं त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. एक्सपीवर मात्र भाषांच्या खिडकीत जाऊन एक खूण करावी लागे आणि मग संगणक मूळ सीडी मागे. परदेशात, दुकानातून आणलेल्या संगणकाची मूळ सीडी कुणाकडे असते?

आणि इथे स्टाइलशीटचे नियम पुन्हा आडवे आले. रकान्याच्या दोन्ही कडा सरळ यायला हव्यात म्हणून ब्राउझर शब्दांमधली जागा ताणतो. २००८ च्या आधीच्या फायरफॉक्समध्ये हा नियम लावला की देवनागरीचे काने-वेलांट्या अक्षरांपासून सुट्या व्हायच्या. तेव्हा मराठी, हिंदी लिहिणारे एकमेकांना सांगत, "कडा सरळ करू नका, डावीकडेच ठेवा." जून २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत हे सुधारलं. त्याच सुमारास, एप्रिल २००८ मध्ये, युनिकोडने 'ॲ' हे अख्खं अक्षर स्वतंत्र म्हणून दिलं. वर मी 'ॲसिड' लिहिलं ते याच उपकाराने.

फाँट पाठवायचा मूळ नियमही परत आला. मार्च २००८ मध्ये सफारी, जून २००९ मध्ये फायरफॉक्स, मग क्रोम, आणि मार्च २०११ मध्ये एक्सप्लोररच्या नवव्या आवृत्तीने सगळ्यांना मान्य झालेला फाँटचा समान साचा घेतला. नियम १९९८ चा, सगळ्यांनी पाळला २०११ मध्ये. तेरा वर्षं! त्यानंतर मुंबईच्या 'एक टाइप'ने काढलेला 'मुक्त'सारखा देखणा फाँट कुणीही, फुकट, एका ओळीत आपल्या पानाला लावू लागला. मोबाइलवर त्याआधीचा काळ आठवतो? बऱ्याच फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन. मग ऑपेरा मिनीच्या आत लपलेल्या यादीत जाऊन "अवघड लिप्या चित्र म्हणून दाखव" अशी खूण करायची. कोणीतरी पुण्याहून फोनवर पायऱ्या सांगायचं आणि आपण वेंब्लीच्या बसमध्ये उभ्याने त्या करायच्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये बीबीसी मराठी सुरू झालं तेव्हा मी मुद्दाम जुन्या फोनवर उघडून पाहिलं. काही उतरवायला लागलं नाही. बायको म्हणाली, "त्यात काय एवढं?" तिचंही खरंच.

आता हे सगळं मी का सांगतोय. मंडळाच्या जुन्या अंकांची एक सीडी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. त्यात २००२ च्या अंकाची पानं होती, मुखवट्याच्या फाँटातली. त्या अंकात आपल्यातल्या एका आजींनी १९६० च्या सुमारास मुंबईहून बोटीने टिलबरीला उतरल्याची हकीकत लिहिली होती. आजी गेल्या. छापील प्रत घर बदलताना हरवली आणि त्यांच्या नातीला तो लेख हवा होता. फाइल उघडली तर चिन्हांची चार पानं. ज्यांनी तो फाँट काढला ते दुकान केव्हाच बंद झालेलं.

रूपांतर करायची साधनं आहेत, पण ती मराठीपेक्षा हिंदीच्या ओळखीची. आपला 'दुसऱ्या'मधला अर्धा र हिंदीत नाही. 'वाऱ्याची झुळूक' याची 'वार्याची' होऊन येते. आजी बोटीबद्दल लिहीत होत्या, म्हणजे वारा, किनारा आणि बंदराच्या पायऱ्या पदोपदी. असे शहाण्णव शब्द मी आणि नातीने दोन रविवार बसून हाताने दुरुस्त केले. तिला मराठी वाचता येतं, पण सावकाश. 'किनाऱ्यावर' हा शब्द तिने तिसऱ्यांदा स्वतःच ओळखला. ज्या लेखांना अशी नात नाही त्यांचं काय होतं हे त्या सीडीवर दिसतं: तिच्यावर आणखी सव्वीस लेख आहेत. तुमच्या माळ्यावर २००० ते २००५ मधले छापील अंक असतील तर ते टाकू नका, मला कळवा. फोटो काढून पुन्हा टाइप करणं चिन्हं सोडवण्यापेक्षा सोपं जातं.

इंग्रजीपुरतं म्हणाल तर भांडण मिटलं. मार्च २०१७ मध्ये रकाने मांडायची नवी 'ग्रिड' पद्धत एकाच महिन्यात फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी तिघांनीही आणली. ती लोकांना समजावून सांगणाऱ्यांत इथल्याच रेचल अँड्र्यू आघाडीवर होत्या. एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी बहुतेक संगणकांवर निरोप दिला. २०२२ पासून ॲपल, गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट दरवर्षी एकत्र बसून ठरवतात की यंदा कोणते नियम सगळ्यांनी सारखे पाळायचे. १९९७ मध्ये हे कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं.

आपलं मात्र थोडं उरलंय. शीर्षकातली अक्षरं लांब-लांब करायचा नियम लावला की शिरोरेषा तुटते. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायचं तर इंग्रजी अक्षर तळाशी टेकतं, आपलं शिरोरेषेला लटकायला हवं. नियमावलीत तशी तरतूद लिहिलेली आहे, पण ब्राउझर ती अजून नीट पाळत नाहीत. 'स्त्री'मधलं पहिलं अक्षर कुठे संपतं हेच यंत्राला कळत नव्हतं. जोडाक्षर फोडू नये हे युनिकोडच्या मूळ नियमात आलं सप्टेंबर २०२३ मध्ये. मराठी आकड्यांची यादी, १, २, ३ अशी, हवी तशी सजवायचा नियम सफारीने घेतला तोही २०२३ मध्येच.

आणि ल, श. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये वर्णमालेचे निर्णय काढले. त्यांत मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. पडद्यावर बहुतेक वेळा दिसतो तो हिंदी वळणाचा दंडाचा ल. खरं म्हणजे नोटोसारख्या फाँटात दोन्ही रूपं असतात आणि आजचे ब्राउझर योग्य ते निवडतातही. फक्त पानाच्या अगदी वर, कुणाला न दिसणारी, "ही भाषा मराठी आहे" अशी दोन अक्षरांची खूण असावी लागते: एम, आर. ती नसेल तर ब्राउझर बिचारा काय करणार, त्याला देवनागरी म्हणजे हिंदीच वाटते. कित्येक मराठी साइटींवर तिथे इंग्रजीची खूण असते, कारण तयार साचा इंग्रजी असतो आणि तो कुणी उघडून बघत नाही.

आपल्या मंडळाच्या साइटच्या साच्यातही तसंच होतं. गेल्या महिन्यात ती खूण बदलली आहे. आजींचा लेख तिथे पहिल्या पानावर ठेवलाय. फोनवर उघडा आणि 'लंडन'चा ल नीट बघा.